मनी गाभण आहे का?

"काका, आमची मनी गाभण आहे का हो?"

२०२५ च्या फेब्रुवारीतला पहिला रविवार होता. शेजारची नववीतली मुलगी आपले मांजर टोपलीत घालून आमच्या दारात उभी होती. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मांजरांच्या वैद्यकाशी माझा संबंध नाही, हे मी तिला सांगून पाहिले. पण तिची अडचण खरी होती. घरात माणसे पाच आणि मते चार. आजी म्हणत होत्या, "चालीवरूनच कळतं, गाभण आहे ती." मोठा भाऊ म्हणत होता, "खाऊन खाऊन लठ्ठ झालीय." वडिलांना वाटत होते, पोटात जंत झाले असतील, दुकानातून औषध आणून देऊन टाकावे. आईपुढे निराळाच प्रश्न होता. १० ते १८ मार्च सगळे घर शिमग्याला कोकणात जायचे ठरले होते. मांजर नेमके तेव्हाच व्यायले तर?

म्हणजे प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. उत्तरावर औषध अवलंबून होते, प्रवास अवलंबून होता आणि त्या मुक्या जिवाची सुखरूपताही अवलंबून होती.

मी तिला म्हटले, "तुला काय वाटतं ते नंतर सांग. काय काय दिसलं, ते आधी सांग. तारखांसकट."

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाच्या कामाची सुरुवात येथेच होते. दिसले ते निरीक्षण, आणि त्यावरून वाटले ते अनुमान. या दोहोंची सरमिसळ झाली की एका मांजराविषयी चार मते तयार होतात. मुलगी हुशार होती. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवले:

१. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मनी रात्रंदिवस ओरडत होती. जमिनीवर लोळायची, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर उचलायची.
२. १२ जानेवारीच्या रात्री ती खिडकीतून निसटली. संक्रांतीला, म्हणजे १४ तारखेला सकाळी परत आली.
३. त्यानंतर ओरडणे पूर्ण थांबले.
४. तीन-चार दिवसांपासून तिची स्तनाग्रे फुगीर आणि गुलाबी दिसत आहेत.
५. मध्ये एक दिवस तिने खाल्ले नाही, एकदा ओकली. आता नेहमीपेक्षा जास्त खाते.
६. जास्त झोपते आणि सारखी मांडीवर येऊन बसते.

खूण आणि पुरावा

या सहा नोंदींपैकी कोणत्या नोंदीने मनी गाभण असल्याचे सिद्ध होते? एकाही नाही!

प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला म्हणजे तारेतून विद्युत्प्रवाह वाहतो आहे, असे आपण म्हणतो. पण टेबलाला धक्का लागला तरी काटा हलतो आणि जवळ चुंबक आणला तरी हलतो. काटा हलणे ही खूण झाली. तिची इतर कारणे एकेक करून बाजूला सारली की मगच ती पुराव्याच्या जवळ येते.

मनीच्या खुणांचेही तसेच आहे. भूक वाढण्याची कारणे अनेक असतात. ओकारी तर केसांचा गोळा पोटात गेल्यानेही होते. पोट चरबीने वाढते, जंतांनी वाढते, काही रोगांत पोटात पाणी साठूनही वाढते. मांडीवर येऊन बसणे हा तर थंडीचाही परिणाम असेल. पण एखाद्या खुणेला दहा कारणे संभवत असली, तरी सहाही खुणांना समान असे कारण क्वचितच एखादे असते. म्हणून खुणा मोजायच्या नसतात, एकत्र जुळवून पाहायच्या असतात; आणि जुळवताना त्यांचा क्रम व तारखा महत्त्वाच्या असतात.

यांतल्या त्यात वजनदार खूण चौथी. गर्भधारणेनंतर सुमारे तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मांजरीची स्तनाग्रे रक्तपुरवठा वाढल्याने फुगतात व गुलाबी होतात. पहिल्या खेपेच्या मांजरीत हा बदल चटकन लक्षात येतो. मनी परतल्यापासून त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते. खूण आपल्या वेळेवर हजर झाली होती! तरीही मी "होय" म्हणालो नाही. का, ते समजण्यासाठी मांजरीच्या शरीराचे एक वैशिष्ट्य पाहावे लागेल.

ओरडणे थांबले म्हणजे काय झाले?

मांजरीला कोकणात व देशावर काही ठिकाणी 'भाटी' म्हणतात. वयाच्या चौथ्या ते सहाव्या महिन्यापासूनच भाटी माजावर येऊ शकते. ती मोठ्याने ओरडते, लोळते, मागचे पाय जागच्या जागी आपटते. बोक्याशी मीलन झाले नाही, तर काही दिवसांनी हे शांत होते आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू होते.

बहुतेक सस्तन प्राण्यांत बीजांड ठरावीक काळाने आपोआप बीजकोशातून बाहेर पडते. मांजरीत तसे नसते. मीलन झाल्यावर मज्जातंतूंमार्फत मेंदूला संदेश जातो, पियूषिका ग्रंथी एक संप्रेरक रक्तात सोडते आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत बीजांडे बाहेर पडतात. जणू घंटेचे बटण दाबल्यावाचून घंटा वाजतच नाही! यामुळे मांजरीची गर्भधारणा सहसा चुकत नाही. ती अनेकदा एकाहून अधिक बोक्यांशी मीलन करते, आणि म्हणून एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एक पिल्लू पिवळे, एक काळे आणि एक पट्टेरी असण्यामागे कधीकधी हेही कारण असते.

पण या यंत्रणेत एक फसवणूकही आहे. घंटा वाजली, बीजांडे बाहेर पडली, पण ती फळलीच नाहीत, तर? बीजकोशात उरलेला पीतपिंड मात्र आपले काम करीतच राहतो. तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतो आणि शरीराला काही काळ 'आपण गाभण आहोत' असेच वाटत राहते. याला आभासी गर्भावस्था म्हणतात. ती साधारण चाळीस ते पंचेचाळीस दिवस टिकते. या काळात मांजरी माजावर येत नाही, क्वचित स्तनेही थोडी वाढतात.

आता मनीची तिसरी नोंद पुन्हा वाचा. ओरडणे थांबले, यावरून बीजांडे बाहेर पडली असावीत एवढेच म्हणता येते. ती फळली की नाही, हे त्या शांततेतून कळत नाही. आणि क्वचित एखादी भाटी गाभण असतानाही माजावर आल्यासारखी वागते. तेव्हा ओरडली म्हणजे गाभण नाही, हेही खरे नव्हे.

तारखेचे गणित

एक गोष्ट मात्र मुलीच्या वहीने पक्की दिली होती, ती म्हणजे तारीख. मांजरीचा गर्भकाळ सामान्यतः ६३ ते ६५ दिवसांचा असतो. काही मांजरी ५८ व्या दिवसानंतर केव्हाही वितात, काही ७० दिवसांपर्यंत जातात. मीलन १२ ते १४ जानेवारी या काळात झाले असणार. कॅलेंडर घेऊन आम्ही दिवस मोजले.

लवकरात लवकरची तारीख: १२ जानेवारी अधिक ५८ दिवस, म्हणजे ११ मार्च.
सर्वांत संभाव्य काळ: १२ जानेवारी अधिक ६३ ते १४ जानेवारी अधिक ६५, म्हणजे १६ ते २० मार्च.
उशिरात उशिराची तारीख: १४ जानेवारी अधिक ७० दिवस, म्हणजे २५ मार्च.

आपण उत्तर एका तारखेत दिले नाही, हे ध्यानात घ्या. सुरुवातीची तारीखच दोन दिवसांनी अनिश्चित आहे, आणि गर्भकाळही निसर्गतः मागेपुढे होतो. अशा वेळी '१६ मार्च' असे ठणकावून सांगणे म्हणजे खोटी अचूकता. उत्तरासोबत त्याची मर्यादा सांगणे हाच खरेपणा. कोकणची तारीख १० ते १८ मार्च होती. दोन्ही कालखंड एकमेकांत अडकले होते. मनी खरोखर गाभण असेल, तर घर बंद ठेवता येणार नव्हते.

काट्यावरची मनी

"मग वजन करून बघायचं का?" मुलीने विचारले. हा प्रश्न आमच्या विषयातला होता!

कुत्रीचे वजन गर्भकाळाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात झपाट्याने वाढते. मांजरीचे मात्र जवळजवळ सुरुवातीपासून सारख्या गतीने वाढत जाते आणि अखेरीस मूळ वजनाच्या सुमारे ४० टक्के भर पडते. ३ जानेवारीला लस टोचताना दवाखान्यात मनीचे वजन २.९ किलोग्रॅम भरले होते. त्याचे ४० टक्के म्हणजे सुमारे १.१६ किलोग्रॅम. नऊ आठवड्यांत ही वाढ समान वाटली, तर आठवड्याला साधारण १३० ग्रॅम पडतात.

आता काटा कोणता वापरावा? घरातला माणसांचा काटा १०० ग्रॅमची भागणी दाखवतो. मांजराला घेऊन उभे राहायचे, मग एकट्याने उभे राहायचे आणि वजाबाकी करायची. प्रत्येक वाचनात ५० ग्रॅमची चूक संभवते. दोन वाचनांच्या वजाबाकीत ती १०० ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. जी वाढ मोजायची ती १३० ग्रॅम, आणि चूक १०० ग्रॅम! अशा काट्यावर एका आठवड्याच्या वाढीविषयी बोलण्यात अर्थ नाही. तीन-चार आठवड्यांनी मात्र तोच काटा काहीतरी सांगू लागेल.

आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा वापरला. तो ५ ग्रॅमपर्यंत दाखवतो. पण काटा अचूक झाला म्हणून मांजर अचूक होत नाही. एक वाटी दूध पोटात गेले तरी वजन बदलते. म्हणून नियम केला: दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, त्याच टोपलीत. मुलीने केलेल्या नोंदी अशा:

२ फेब्रुवारी: ३.२६ किलोग्रॅम
९ फेब्रुवारी: ३.३८ किलोग्रॅम
१६ फेब्रुवारी: ३.५२ किलोग्रॅम
२३ फेब्रुवारी: ३.६४ किलोग्रॅम
२ मार्च: ३.७९ किलोग्रॅम
९ मार्च: ३.९२ किलोग्रॅम

आलेखकागदावर हे बिंदू मांडून पाहा. ते जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. पाच आठवड्यांत ०.६६ किलोग्रॅम, म्हणजे आठवड्याला १३२ ग्रॅम. अपेक्षेशी छान जुळते! तरीही रेषा सरळ आली म्हणजे सिद्ध झाले असे मात्र नाही. चांगले खाणारे मांजर नुसते लठ्ठ होतानाही अशी रेषा काढू शकते. आणि पहिल्या रविवारी तर आमच्या हातात केवळ दोनच बिंदू होते. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते!

औषधाच्या दुकानातली पट्टी

भावाने आणखी एक युक्ती सुचवली होती. बायकांच्या गर्भधारणेची चाचणी करणारी पट्टी मिळते, ती मनीच्या लघवीत बुडवली तर? कल्पना सुचायला चांगली, पण उपयोगाची नाही. ती पट्टी एचसीजी नावाचे संप्रेरक शोधते. मानवी गर्भाची वार तयार होताना ते निर्माण होते. मांजरीच्या शरीरात ते तयारच होत नाही. मनी गाभण असो वा नसो, पट्टी 'नाही' असेच म्हणणार. जे उपकरण दोन्ही परिस्थितींत एकच उत्तर देते, त्याच्या उत्तराला काही किंमत नाही.

मांजरीसाठी पशुवैद्य निराळी रक्तचाचणी करू शकतात. मांजरीची वार रिलॅक्सिन हे संप्रेरक तयार करते. गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या आठवड्यापासून ते रक्तात सापडते. आभासी गर्भावस्थेत वार नसतेच, म्हणून रिलॅक्सिनही नसते. खरे आणि आभासी यांतला फरक करणारी खूण, हीच तिची थोरवी.

बोटांनी दाबू नका

अनुभवी पशुवैद्य तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मांजरीचे पोट हलकेच चाचपून माळेतल्या मण्यांसारखे वेगवेगळे गर्भ ओळखू शकतात. पाचव्या आठवड्यानंतर हे मणी मोठे होऊन एकमेकांना चिकटल्यासारखे लागतात आणि ओळखणे कठीण जाते.

हे वाचून कोणी घरी प्रयोग करू नये. बोटाचे टोक जवळपास एक चौरस सेंटिमीटरचे असते. त्यावर एक किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला, तर दाब होतो सुमारे ९८,००० पास्कल, म्हणजे जवळजवळ एका वातावरणाइतका! एवढा जोर आपण नकळत सहज देतो. नाजूक गर्भाला त्याने इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. मुलीचे बोट मनीच्या पोटाकडे जाताना पाहून मी तिला तेथेच थांबवले.

आमची चूक

"मग नुसती वाटच बघायची का?" तिने विचारले. नाही, आणि यामागे आमच्या घरचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक भाटी होती. ओरडून शांत झाल्यावर महिनाभराने तिचे पोट वाढले. आम्ही आनंदाने खोके तयार केले, जुनी चादर घातली. ती मरगळलेली होती, पाणी फार पीत होती, खात मात्र नव्हती. "या दिवसांत असंच व्हायचं," असे म्हणत आम्ही दिवस मोजत राहिलो. अखेर दवाखान्यात नेले तेव्हा कळले, की पोटात पिल्ले नव्हतीच. गर्भाशय पुवाने भरले होते. याला पायोमेट्रा म्हणतात. वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती तर ती वाचण्याचा संभव होता. आम्ही उशीर केला होता. ती वाचली नाही.

चूक कोठे झाली? खुणा दिसल्या नाहीत असे नाही. आम्ही आधी उत्तर ठरवले आणि मग प्रत्येक खुणेला त्या उत्तरात बसवत गेलो. भरपूर पाणी पिणे आणि अन्न सोडणे या दोन गोष्टी आमच्या उत्तराशी जुळत नव्हत्या. न जुळणारी नोंद हीच सर्वांत मोलाची असते, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. घरात मात्र विसरलो.

म्हणून मी त्या मुलीच्या आईला सांगितले, "जंताचं औषध आपल्या मनानं देऊ नका. तारखांची ही वही घेऊन पशुवैद्यांकडे जा."

कानांना न कळणारा ध्वनी

१२ फेब्रुवारीला मनीची सोनोग्राफी झाली. मीलनापासून तो दिवस एकोणतिसावा ते एकतिसावा होता.

आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युत्भार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. याच्या उलट, अशा स्फटिकाला बदलता विद्युत्दाब दिला की तो कंप पावतो. सोनोग्राफीच्या हातयंत्रात असाच पदार्थ असतो. तो ध्वनीचा ठोका पाठवतो आणि परत येणारा प्रतिध्वनीही तोच ऐकतो. ग्लासगो येथील डॉक्टर इयन डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये पोटातील गाठी व गर्भ यांच्या अशा प्रतिमा प्रसिद्ध केल्या, आणि या विद्येचा वैद्यकात प्रसार झाला.

शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. गर्भ तीन सेंटिमीटर खोल असेल, तर जाऊन येऊन सहा सेंटिमीटर अंतर झाले. ०.०६ ला १,५४० ने भागा: सुमारे ३९ मायक्रोसेकंद. यंत्र हा इवलासा काळ मोजते आणि त्यावरून खोली ठरवते. कंप्रता सेकंदाला ७५ लाख असेल, तर तरंगलांबी ०.२ मिलिमीटर येते. तरंगलांबीहून फार लहान वस्तू तरंगांनी स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून लहान प्राण्यांसाठी कंप्रता जास्त ठेवतात. हवेत आणि शरीरात ध्वनीचे वहन अगदी भिन्न असल्याने मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो. मनीच्या पोटावरचे केस काढून चिकट द्रव लावला, तो एवढ्याचसाठी.

पडद्यावर काळ्या पिशव्यांत करड्या आकृती दिसल्या, आणि प्रत्येकीत काहीतरी लुकलुकत होते. ती हृदये होती! मांजरीच्या गर्भाचे हृदय मिनिटाला २०० हून अधिक वेळा, म्हणजे आपल्या जवळजवळ तिप्पट वेगाने ठोके देते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते असे पाहता येते.

येथे मात्र खूण पुरावा झाली. भूक, झोप, फुगलेले पोट यांना इतर कारणे असू शकतात. पोटात धडधडणाऱ्या दुसऱ्या हृदयाला दुसरे कारण नाही.

पिल्ले किती?

डॉक्टर म्हणाले, "निदान तीन." सोनोग्राफीत एका वेळी पातळ काप दिसतो, तेच पिल्लू दोनदा मोजले जाते किंवा एखादे आड राहते. नेमकी संख्या हवी असेल, तर क्ष-किरण चित्र. राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले हे किरण जड अणूंत जास्त शोषले जातात. मांस बनते मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन व हायड्रोजन यांचे. हाडांत कॅल्शियम असते. कार्बनचा अणुक्रमांक ६, ऑक्सिजनचा ८ आणि कॅल्शियमचा २०. म्हणून हाड उठून दिसते. पण सुरुवातीला गर्भाचा सांगाडा कूर्चेचा असतो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्यात कॅल्शियम साठू लागते. त्याआधी चित्र काढले तर पिल्ले असूनही दिसणार नाहीत! मोजणी नीट होते ती सातव्या आठवड्यानंतर. ६ मार्चला मनीच्या चित्रात चार कवट्या मोजता आल्या.

संख्या कशाला हवी? वेळ आली की किती पिल्ले बाहेर यायची ते ठाऊक असावे, एवढ्यासाठी. तीन झाली आणि मांजर अस्वस्थ राहिले, तर चौथे अडले आहे हे लगेच कळते.

शिमगा आणि बाळंतपण

आईवडील व भाऊ कोकणात जाऊन लवकर परतले. मुलगी आणि आजी घरी राहिल्या. मनीला कपाटाशेजारी अंधाऱ्या कोपऱ्यात खोके दिले. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाणे, जवळ स्वच्छ पाणी. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही नाही. आपली तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते, कारण तिचा निचरा करण्याची रासायनिक व्यवस्था मांजराच्या यकृतात अपुरी असते.

१७ मार्चच्या पहाटे मनी व्याली. दिवस बासष्टावा ते चौसष्टावा. पिल्ले चार! दुसऱ्या दिवशी मनी शांत असताना मुलीने ती एकेक करून वाण्याच्या काट्यावर नव्हे, तर मैत्रिणीच्या घरून आणलेल्या लहान काट्यावर तोलली. प्रत्येक सुमारे १०० ग्रॅम. मनीचे वजन ३.५ किलोग्रॅम उरले. मूळचे २.९ होते. उरलेले सहाशे ग्रॅम कशाचे? ती होती दुधाची शिदोरी. मांजरी गर्भकाळातच अंगात चरबी साठवते आणि पिल्ले पिऊ लागली की ती खर्ची घालते.

आठवड्याने भावाचे मित्र पिल्ले पाहायला आले, आणि त्याच रात्री मनीने एकेक पिल्लू मानेला धरून माळ्यावर नेले. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो. सातचा आकडा सोडून द्या. पण गडबड झाली की ती जागा बदलते, हे खरे.

दोन महिन्यांनी पिल्लांना घरे मिळाली आणि मनीची शस्त्रक्रिया झाली. भाटी पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते आणि वर्षाला दोन-तीन वेते सहज होतात. एका वेताला चार पिल्ले धरली तर वर्षाला किती, आणि त्यांतल्या किती पिल्लांना घर मिळेल, हा हिशेब तुम्हीच करा.

चौकट: केव्हा थांबू नये

पुढीलपैकी काहीही दिसले तर ताबडतोब पशुवैद्यांकडे जावे:
• गाभण वाटणारे मांजर खाणे सोडते, फार पाणी पिते, मलूल पडते किंवा त्याच्या अंगाखालून दुर्गंधीयुक्त स्राव येतो.
• विताना अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू येत नाही.
• पिल्लू अर्धवट बाहेर येऊन अडकते.
• बरेच रक्त जाते.
• सर्व पिल्ले झाल्याची खात्री नसताना मांजर अस्वस्थ किंवा गळून गेलेले दिसते.

करून पाहा

१. वरील सहा वजनांचा आलेख काढा. रेषा मागे वाढवून १३ जानेवारीला मनीचे वजन किती असावे ते काढा. ते २.९ किलोग्रॅमशी किती जुळते?
२. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या मांजराचे वजन चार आठवडे ठरलेल्या वेळी घ्या. काट्याची भागणी आणि दर आठवड्याचा फरक यांची तुलना करा.
३. शिक्षकांनी वर्गात विचारावे: 'ताप आला' ही खूण आहे की पुरावा? कशाचा? तिची निदान चार कारणे लिहा, आणि प्रत्येक कारण बाजूला सारायला काय पाहावे लागेल, तेही लिहा.

आणि तुमच्याही दारात कोणी टोपली घेऊन उभे राहिले, तर आधी तारीख विचारा.